रुग्णालयांमधील स्पर्धा

बाजारात धान्याची दहा दुकाने असली, म्हणजे गिऱ्हाईक भाव विचारते, दाणा पारखते आणि मग खरेदी करते. त्यामुळे माल चांगला व भाव माफक राहतो. हाच नियम रुग्णालयांना लागू पडतो काय?

बंगळूर शहरात सरकारी व्हिक्टोरिया रुग्णालय १९०० सालापासून आहे. हृदयरोगांसाठी सरकारी जयदेव संस्था आहे. मणिपाल व नारायण हृदयालय यांसारखी मोठी खाजगी रुग्णालयेही आहेत. निवड पुष्कळ आहे. परंतु हृदयविकाराचा झटका आलेला मनुष्य दारोदार भाव विचारीत हिंडू शकत नाही. शिवाय त्याला कोणता उपचार हवा, हे वैद्यच ठरवितो. केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली या विषमतेकडे लक्ष वेधले होते.

अशा स्थितीत स्पर्धेने खर्च वाढूही शकतो. शेजारच्या रुग्णालयाने महाग यंत्र आणले की दुसरेही आणते. दोन्ही यंत्रे अर्धा वेळ रिकामी राहिली, तरी त्यांची किंमत रुग्णांकडूनच वसूल व्हावयाची. उलट, नारायण हृदयालयाप्रमाणे एकाच ठिकाणी पुष्कळ शस्त्रक्रिया केल्यास तोच खर्च अनेकांत विभागला जातो.

मग गुणवत्तेचे काय? इंग्लंडमधील अनुभव येथे उद्बोधक आहे. १९९१ नंतर तेथील रुग्णालये दरांबाबत एकमेकांशी स्पर्धा करू लागली. जेथे स्पर्धा तीव्र होती, तेथे हृदयविकाराच्या झटक्याने दगावणाऱ्यांचे प्रमाण अधिक राहिले, असे संशोधकांना आढळले. २००६ साली दर सरकारने ठरवून दिले आणि रुग्णालय निवडण्याचा अधिकार रुग्णास मिळाला. या वेळी मात्र स्पर्धेच्या भागांत मृत्यूचे प्रमाण अधिक वेगाने घटले. दर स्वस्त करण्याची वाट बंद झाल्यावर रुग्ण मिळविण्यास चांगल्या उपचारांवाचून दुसरा मार्ग उरत नाही, हे त्याचे कारण होय.

कर्नाटकात २००३ साली सुरू झालेल्या यशस्विनी योजनेत हेच तत्त्व दिसते. सहकारी संस्थांचे सभासद असलेले शेतकरी प्रारंभी वर्षाला ६० रुपये भरीत. शस्त्रक्रियांचे दर आधी ठरलेले असत आणि योजनेत सामील झालेल्या रुग्णालयांतून सभासदास निवड करता येई.

तथापि निवडीस माहितीचा आधार हवा. राज्याच्या २००७ च्या कायद्याने खाजगी रुग्णालयांना दर जाहीर करणे भाग पाडले. पण दरफलक वाचून किती रुग्ण बरे झाले, हे कळत नाही. जमीन गहाण टाकून शहरात आलेल्या कुटुंबास ही दुसरी गोष्टच अधिक मोलाची असते. दर निश्चित आणि उपचारांचे फळ सर्वांस दिसणारे, या दोन अटी पूर्ण झाल्या तरच रुग्णालयांमधील स्पर्धा रुग्णाच्या हिताची ठरते.