मोबाइल दे, पण गॅलरीत बसव

अगं, त्या ऑनलाइन सायन्स क्लासचे पैसे आजच भरून मोकळी होऊ नकोस. जाहिरात बघितली मी. रोज दोन तास, घरपोच किट आणि शेवटी सर्टिफिकेट. चिन्मय आठ वर्षांचा आहे, सर्टिफिकेट घेऊन तो करणार काय? कपाट तुझंच भरणार.

माझा हिशेब सरळ आहे. पडद्यावर बघितलेल्या गोष्टीनं पोराला दहा मिनिटांत जागेवरून उठवलं, तर ती कामाची. तासभर खिळवून ठेवलं, तर ते कार्टूनच. त्यात रॉकेट असतं एवढंच.

अरविंद गुप्तांपासून सुरुवात कर. आयआयटी कानपूरचे हे इंजिनिअर, टेल्कोत होते, पण रमले टाकाऊतून खेळणी करण्यात. पुढे पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या वेबसाइटवर व्हिडिओ, पुस्तकं सगळं फुकट आहे, मराठीतही भरपूर. आगकाड्यांचे सांगाडे आधी करून बघा. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आण. काड्यांचा गुल खरवडायचं काम तुझं. नळीचे छोटे तुकडे कापायचे आणि दोन्ही टोकांतून एकेक काडी खुपसायची. तीन काड्यांचा त्रिकोण, चारांचा चौकोन. मग त्याला म्हणावं, दाब आता. चौकोन लगेच तिरका होतो, त्रिकोण हलत नाही. नंतर रेल्वेचा पूल दिसला की त्यातले त्रिकोण तोच तुला मोजून दाखवेल. व्हिडिओ तीन मिनिटांचा असतो, पण दुपार निघते.

सकाळी मात्र मर्लिन. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ॲप आहे, फुकट. फोन गॅलरीच्या कठड्यापाशी धरला की आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं. नावं इंग्रजीत आली तर बुलबुल, दयाळ ही आपली नावं तू सांग. एकच अट घाल : आधी चिन्मयनं ओळखायचं, मग फोनला विचारायचं. फोनही चुकतो कधीकधी आणि तो चुकला की पोरं खूश! सध्या पहाटेपासून ‘कुहू कुहू’ चाललंय ना, ते कोण ओरडतंय विचार त्याला. ‘कोकिळा’ म्हणेल. ओरडतो तो नर, काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर ठिपके. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते हे सांगितलंस की पुढचे प्रश्न तुझ्या डोक्याला पुरतील.

झाडा-किड्यांचे फोटो टाकायला आयनॅचरलिस्ट आहे, पण तिथं मुलांची खाती काढायची नाहीत. तुझं खातं वापर आणि घराचं ठिकाण लपवून ठेव. तेवढं सेटिंग आधी कर, आठवणीनं.

आता माझा सगळ्यात आवडता उद्योग. आपला महाराष्ट्र सगळाच्या सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पावसाळ्यातला दिवस ढगांच्या हवाली, मेमधला आपला. पुण्यात 13 मेच्या आसपास, नागपूरला 26च्या आसपास. तेव्हा 13 तारखेला नागपूरच्या आत्येभावाला व्हिडिओ कॉल लावून दे. दोघांनी मीटरभर काठी सरळ उभी करायची आणि बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायची. नागपूरची सावली बारा-दहाच्या सुमारास सगळ्यात छोटी होईल, तरी उत्तरेकडे चार-पाच सेंटिमीटर उरेलच. पुण्याची साडेबाराच्या सुमारास पार पायाशी जाईल.

मग भांडण लागेल. घड्याळात एकच वेळ असताना नागपूरची दुपार आधी कशी? उत्तर लगेच देऊ नकोस. नकाशा पुढे ठेव, नागपूर किती पूर्वेला आहे ते त्यांना शोधू दे. आणि नागपूरला सावली का उरली तेही शोधू दे. अशाच फरकावरून दोन हजार वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिसनं इजिप्तमधल्या दोन गावांच्या सावल्या धरून पृथ्वीचा घेर काढला होता, ते मोठ्या आत्येभावाला सांग. सातवीतला आहे, गणित मांडेल तो.

काठी सरळ आहे का ते दोऱ्याला नट बांधून, ओळंबा करून तपास. तिरकी राहिली तर सगळं मुसळ केरात. मेमधलं दुपारचं ऊन आहे, सूर्याकडे बघायचं नाही हे बजाव, आणि गच्चीची फरशी तापते, चप्पल घालून जा म्हणावं.