मत्स्यपेटी व विजेच्या तारा

आमच्या कित्येक वाचकांच्या घरी आता काचेची मत्स्यपेटी असते. विहिरीवरील पंपाच्या विजेस जपणारे गृहस्थही या पेटीच्या तारांविषयी बेफिकीर राहतात, हे बरे नव्हे. घरातील 230 व्होल्टची वीज प्राण घेण्यास पुरेशी आहे.

पाणी तारेवरून ओघळत जाते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. म्हणून विजेचा बोर्ड पेटीखाली न ठेवता बाजूच्या भिंतीवर उंच बसवावा, व प्रत्येक तार प्लगाकडे नेण्यापूर्वी झोळीसारखी खाली सोडावी. म्हणजे थेंब झोळाच्या तळाशीच गळून पडेल. हवेचा पंप पाण्याच्या पातळीहून वर असावा. नाही तर वीज जाताच पाणी नळीतून उलटे पंपात शिरते. अर्थिंग पक्के असावे, आणि 30 मिलिअँपिअर गळतीस वीज तोडणारा आरसीसीबी अवश्य बसवावा. त्याची चाचणीची कळ मधून मधून दाबून पाहावी. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व प्लग काढावेत. हीटर निवल्यावरच पाण्याबाहेर घ्यावा.

मासे पाहण्यास मुलेच प्रथम धावतात, व पाण्यात हातही तीच घालतात. एवढी व्यवस्था होईपर्यंत पेटीत मासे सोडू नयेत, असे आमचे सांगणे आहे.