टॅरोचे पत्ते : नवशिक्यांसाठी चार गोष्टी

न्यासाच्या स्मरणिकेत टॅरोच्या पत्त्यांवर लेख पाहून काही वडीलधाऱ्यांस नवल वाटेल, हे आम्ही जाणून आहोत. पण हा विषय मोबाईलच्या वाटेने लाटंबार्से गावातही येऊन पोहोचला आहे. आमच्याच घरातील एका मुलीने पैसे भरून कोणाकडून तरी पत्ते पाहून घेतले. ‘मृत्यू’ नावाचे पान निघाले आणि आठ दिवस तिला अन्न गोड लागेना. परीक्षेचा अर्ज तसाच पडून राहिला. त्या पानाचा अर्थ आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हता. म्हणून आम्ही तिच्याबरोबर शिकावयास बसलो. जे कळले ते येथे मांडीत आहोत.

टॅरो हा मुळात खेळ होय. पंधराव्या शतकात तो उत्तर इटलीत खेळला जाई. त्यावरून भविष्य पाहण्याची रीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये रूढ झाली. ही इजिप्तची पुरातन विद्या आहे, असे कूर द जेब्लँ या लेखकाने १७८१ मध्ये लिहिले; पण त्यास पुढे काही आधार सापडला नाही.

आपल्या शेजारच्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्यात १० रंग, प्रत्येकी १२ पाने, म्हणजे एकूण १२० पाने असतात. टॅरोच्या कॅटात ७८ पाने असतात. त्यांपैकी २२ ही स्वतंत्र चित्रांची असून उरलेली ५६ चार रंगांची आहेत : पेले, तलवारी, दंड आणि नाणी. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दहापर्यंतची पाने आणि सेवक, स्वार, राणी व राजा. गोव्यातील जुन्या माणसांस हे रंग परके वाटू नयेत. पोर्तुगीज भाषेत बदामाला ‘कोपश’ म्हणजे पेले, इस्पिकाला ‘इश्पादश’ म्हणजे तलवारी, किलवराला ‘पाउश’ म्हणजे सोटे आणि चौकटला ‘ओउरुश’ म्हणजे सोने असेच म्हणतात.

आता साहित्याविषयी. आरंभी एक कॅट, एक पुस्तक आणि एक वही एवढे पुरे. कॅट १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर-वेट पद्धतीचा घ्यावा. आर्थर वेट यांच्या कल्पनेवरून त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. त्यात लहान पानांवरही प्रसंग चितारलेले असल्यामुळे नवशिक्यास चित्र पाहूनच बोलता येते. शिवाय नवशिक्यांची बहुतेक पुस्तके त्यालाच धरून आहेत. वेट यांचे स्वतःचे पुस्तक जड इंग्रजीत आहे. त्यापेक्षा रेचल पोलॅक यांचे ‘सेव्हन्टी-एट डिग्रीज ऑफ विज्डम’ सोपे जाते. पहिला कॅट कोणीतरी भेटच दिला पाहिजे, या समजुतीस अर्थ नाही.

अभ्यास असा करावा. रोज सकाळी पत्ते पिसून एकच पान काढावे. पुस्तक न उघडता चित्रात काय दिसते ते वहीत लिहावे, मग पुस्तकातील अर्थ पाहावा. महिन्याभराने तीन पाने मांडावीत : आजची स्थिती, अडचण आणि आपल्या हातातील उपाय.

प्रश्न कसा विचारावा, हे महत्त्वाचे. देवळात कौल घेताना पाकळी उजवीकडे पडली की होकार, डावीकडे पडली की नकार. टॅरोला असा प्रश्न मानवत नाही. ‘माझे लग्न जमेल का?’ यापेक्षा ‘स्थळ पाहताना मी काय विसरत आहे?’ असे विचारावे.

एक गोष्ट मात्र मनात पक्की ठेवावी. पत्त्यांतून भविष्य कळते, यास पुरावा नाही. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांस स्वभाववर्णन म्हणून एकच मजकूर दिला. प्रत्येकास तो आपल्याच स्वभावाचा आहे असे भासविले होते. विद्यार्थ्यांनी त्यास पाचांपैकी सरासरी चारांहून अधिक गुण दिले! मोघम बोलणे आपल्याला किती चटकन लागू पडते, ते यावरून दिसते. म्हणून आजारपण, कोर्टकचेरी आणि पैशाचे व्यवहार पत्त्यांवर सोपवू नयेत. तेथे डॉक्टर, वकील आणि घरची जाणती माणसेच हवीत. दुसऱ्याचे पान पाहताना तर भय घालणारा शब्द तोंडातून काढूच नये.

आणि ते ‘मृत्यू’चे पान? चित्रात पांढऱ्या घोड्यावर सांगाडा आहे खरा. पण त्याच्या निशाणावर पांढरा गुलाब आहे आणि मागे दोन बुरुजांमधून सूर्य दिसतो. पुस्तके त्याचा अर्थ ‘एका गोष्टीची अखेर आणि पुढील बदल’ असा देतात. आमच्या मुलीने ते पान स्वतः निरखून पाहिले, वहीत लिहिले आणि उठून अर्ज भरला. तो मुदतीत पोहोचला. पत्ते शिकण्याचा आम्हांस झालेला लाभ एवढाच. पण तो लहान नव्हे.