न वाचताच अंदाज : डेटाबेसमधील निवडकतेचा हिशेब

ग्रंथाच्या शेवटी दिलेली शब्दसूची कधी उपयोगी पडते? शब्द दोन-तीन पानांवरच आला असेल तेव्हा. तोच शब्द पानोपानी असेल, तर सूची आणि पाने यांत येरझारा घालण्यापेक्षा ग्रंथ पहिल्यापासून वाचणे सोपे. डेटाबेसमधील इंडेक्सचेही असेच आहे. अटीत बसणाऱ्या नोंदींचे एकूण नोंदींशी असलेले प्रमाण म्हणजे निवडकता. ते आधी अजमावून मगच प्लॅनर मार्ग ठरवतो.

या विचाराचा पाया आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पात घातला गेला. पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये तो मांडला. स्तंभावर इंडेक्स असल्यास समानतेच्या अटीची निवडकता ‘एक भागिले भिन्न मूल्यांची संख्या’ धरावी. नसल्यास एक-दशांश धरावी, असा त्यांचा नियम होता.

आजचा पोस्टग्रेस याहून बारकाईने पाहतो. तो मूळ मांडणीत सुमारे ३०,००० नोंदींचा नमुना घेतो, वारंवार येणाऱ्या मूल्यांचे प्रमाण टिपतो आणि उरलेल्या मूल्यांसाठी समान वाट्यांचे कप्पे पाडतो. क्रमाने पान वाचण्याचा खर्च तो १ धरतो, तर इतस्ततः वाचण्याचा ४. म्हणून निवडकतेचा अंदाज चुकला की मार्गही चुकतो.

एक उदाहरण कल्पू. शिष्यवृत्तीचे १० लाख अर्ज आहेत. त्यांपैकी एक-दशांश नागपूर जिल्ह्यातील आणि एक-शतांश कामठी तालुक्यातील. दोन्ही अटी एकत्र घातल्या की प्लॅनर त्यांना परस्परांपासून स्वतंत्र मानून गुणाकार करतो आणि १,००० अर्ज अपेक्षितो. परंतु कामठी नागपूर जिल्ह्यातच असल्याने प्रत्यक्षात १०,००० अर्ज निघतात. अंदाज दहापट कमी! पुढे या अर्जांची दुसऱ्या सारणीशी जोडणी करायची असेल, तर थोड्या नोंदींसाठी योग्य असलेली पद्धत निवडली जाते आणि यादीची वाट पाहणारा विद्यार्थी ताटकळतो.

यावर उपाय आहे. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून परस्परावलंबी स्तंभांची संयुक्त सांख्यिकी पोस्टग्रेसला सांगून तयार करवता येते. मोठी भर पडल्यावर सांख्यिकी ताजी करावी; ‘एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ’ चालवून अपेक्षित आणि प्रत्यक्ष नोंदींचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. क्वेरी मंद झाली की नवा इंडेक्स घालण्याची घाई होते. या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगू : आधी हे दोन आकडे पाहा.