जपून सांभाळा

ही गोष्ट तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची. आम्ही तेव्हा तिसरीच्या वर्गाला शिकवत होतो. वर्गात एक हुशार पोर होते. एके दिवशी ते बाकावर डोके टेकून झोपले. उठवून पाढा विचारला, तर उत्तर नाही. आम्ही रागावलो. हातावर दोन छड्या मारल्या. पोर रडले नाही. नुसते बघत राहिले.

दुपारी शिपाई म्हणाला, "गुरुजी, काल रात्री त्याच्या बापाने दारू पिऊन आईचे डोके फोडले. पोलीस आले होते. पोर रात्रभर ओट्यावर बसून होते."

गावाला ठाऊक होते. पोलिसांना ठाऊक होते. आम्हालाच ठाऊक नव्हते. चूक आमचीच. पण सकाळी कोणी सांगितले असते तर?

हाच विचार दुसऱ्या देशांतल्या लोकांनीही केला. त्यांनी काय केले ते पाहू.

इंग्लंडात प्लिमथ नावाचे बंदर आहे. तिथे एक जोडपे होते. नवरा पोलिसात, बायको शाळेची मुख्याध्यापिका. २०११ साली दोघांनी मिळून एक काम सुरू केले. घरात मारझोड झाली, पोलीस तिथे गेले आणि त्या घरात शाळेत जाणारे मूल असले, तर पोलीस दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी शाळेला कळवतात. शाळेतल्या एका ठरलेल्या माणसालाच कळवतात. त्याला या कामाचे शिक्षण दिलेले असते.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात चार्ल्सटन शहर आहे. तिथे २०१३ साली असेच काम सुरू झाले. तिथले पोलीस शाळेला मुलाचे नाव कळवतात आणि पुढे तीन इंग्रजी शब्द. आपल्या भाषेत दोनच: 'जपून सांभाळा'. काचसामानाच्या खोक्यावर लिहितात ना, तसे. काय घडले, ते सांगत नाहीत. घरची गोष्ट चव्हाट्यावर येत नाही.

मग शिक्षक काय करतात? मुलाला खोदून विचारत नाहीत. झोप आली तर निजू देतात. परीक्षा असेल तर पुढे ढकलतात. मूल आपणहून बोलले, तर ऐकून घेतात.

याची गरज काय? भ्यालेल्या पोराचे मन वर्गात नसते. आई कशी असेल, रात्री पुन्हा काय होईल, हेच मनात घोळते. कोणी गप्प बसते, कोणी दांडगाई करते. आपण म्हणतो, पोर बिघडले. ते बिघडलेले नसते, भ्यालेले असते. मार खाल्ला नाही, नुसता पाहिला, तरी मनाला जखम होते.

आता आपल्याकडचे पाहू. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारायला बंदी केली. २०१५ सालच्या बाल न्याय कायद्याप्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा लागतो. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा फोन रात्रंदिवस चालतो. त्याला पैसे पडत नाहीत.

पण गुरुजींना एक शब्द सांगायला कायदा कशाला हवा? शेजाऱ्याने सकाळी शाळेत जावे. म्हणावे, "गुरुजी, आज या पोराला जपा." एवढेच. कारण चारचौघांत सांगू नये. गुरुजींनीही विचारू नये.

मात्र घरात मारहाण चालूच असेल, तर नुसते जपून भागत नाही. तेव्हा पोलिसांना किंवा १०९८ला कळवलेच पाहिजे. 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून गप्प बसू नये. आमच्या गावाने तसेच केले होते. त्याचा मार एका पोराला दोनदा बसला. रात्री घरी आणि सकाळी आमच्या हातून.

विचार करा व सांगा:
१. प्लिमथचे पोलीस शाळेला केव्हा कळवतात?
२. घडलेली हकीकत शाळेला न सांगण्यात काय फायदा?
३. तुमच्या शेजारी असे घडले, तर सकाळी तुम्ही कोणाकडे जाल?