न्हाणीघराचं एस्टिमेट

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे माझ्या मराठीत चुका सापडल्या तर मराठीच्या मॅडमनी मोठ्या मनाने माफ करावं. पण हा विषय मी मराठीतच शिकले, आणि तोही वर्गात नाही. आमच्या कळंबच्या घरात, तुटलेल्या फरशीवर उभी राहून शिकले!

कळंब म्हणजे नेरळहून आत, कर्जत तालुक्यात. आमचं न्हाणीघर 5 फूट बाय 7 फूट, भारतीय पद्धतीचं संडास आतच. आजी 74 वर्षांची, गुडघे दुखणारे. दिवाळीत ती तिथेच घसरली आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर बाबा म्हणाले, "पावसाळ्याआधी बाथरूम करून घ्यायचं. 80 हजारांच्या वर माझ्याकडे नाहीत. तू सिव्हिलची ना? मग कर एस्टिमेट!"

झालं! मी लॅपटॉप उघडला.

पहिला धडा : आधी टेप, मग दुकान. मी सुरुवात टाइल्सच्या फोटोंपासून केली, ती चूक होती. सुरुवात मोजण्यापासून करायची. आमच्या भिंतींचा घेर 24 फूट. 7 फुटांपर्यंत टाइल्स लावायच्या म्हणजे 168 चौरस फूट. त्यातून दार आणि खिडकीचे साधारण 20 वजा केले की उरतात 148. कापण्यात आणि फुटण्यात जातात म्हणून 10 टक्के जास्त, म्हणजे 163. भिंतीची 12 बाय 18 इंचाची टाइल दीड चौरस फुटाची, म्हणून 109 नग. एका बॉक्समध्ये 6 असतील तर 19 बॉक्स. जमीन 35 चौरस फूट, म्हणून एक बाय एकच्या 39 टाइल्स. हे गणित आठवीतल्या मुलालाही येतं, पण ते न करता दुकानात गेलं की दुकानदार करतो, आणि तो कमी कशाला धरेल?

दुसरा धडा : तीन आकडे म्हणजे तीन कोटेशन नव्हे. आम्ही तिघांना बोलावलं. एक म्हणाला, "सगळं मिळून 60." दुसऱ्याने फक्त चौरस फुटाची मजुरी सांगितली. तिसरा लाखाच्या वर गेला. बाबा अर्थात 60 वाल्याकडे झुकले. मग मी एका कागदावर यादी केली आणि तिघांना तीच यादी दिली : तोडफोड, मलबा (मिस्त्रींच्या भाषेत राबिट) उचलणे, पाईप, वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, टाइल्स लावणे, वीज, फिटिंग, दार. प्रत्येकापुढे दोन रकाने : माल कोणाचा, मजुरी किती. तेव्हा कळलं की 60 मध्ये राबिट नाही, वॉटरप्रूफिंग नाही आणि वीजही नाही! जीएसटी धरला आहे का, हेही तिथेच विचारून घ्या. टाइल्सवर 18 टक्के आहे. सिमेंटवर 28 टक्के होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 झाला.

शेवटी आम्ही गावाजवळच्याच एका मिस्त्रीकाकांना काम दिलं. मजुरी त्यांची, माल आमचा. माझं एस्टिमेट असं होतं : तोडफोड आणि राबिट 6 हजार, प्लंबिंग 15, वॉटरप्रूफिंग 9, टाइल्स 12, त्यांची मजुरी सिमेंट-रेतीसकट 17, कमोड-बेसिन-नळ 14, वीज 4, दार 3. बेरीज बरोबर 80! मी खूश, बाबा खूश. मिस्त्रीकाका मात्र कागद बघून म्हणाले, "ताई, भिंत फोडल्यावर काय निघेल, ते कुठे लिहिलंय?"

मला वाटलं, काका आत्ताच भाव वाढवतायत.

तिसरा धडा : भिंतीच्या आत काय आहे ते भिंतच सांगते. दुसऱ्याच दिवशी जुना जीआय पाईप निघाला. हाताने दाबला तर पापुद्रे सुटले. न्हाणीचा ट्रॅप खालून फुटलेला. इतकी वर्षं भिंतीला जी ओल येत होती ती पावसाची नव्हतीच! सगळी लाइन नवीन टाकायची तर 9 हजार जास्त. बाबा गप्प झाले. आणि मी, सिव्हिल इंजिनिअर होणारी, काय म्हणाले असेन? "आत्ता जोड देऊन चालवू. वरून टाइल लागल्यावर कुणाला दिसतंय?"

काका म्हणाले, "दिसत नाही म्हणूनच आधी करायचं. टाइल आवडली नाही तर पुढच्या वर्षी बदला. पाईप गळला तर टाइलसकट सगळं फोडायचं." मग माझ्या सॅम्पलकडे बोट करून म्हणाले, "आणि आजींसाठी करताय ना? मग ही चकचकीत फरशी कशाला?"

खरं सांगते, मान खाली गेली. आजी पडली म्हणून काम काढलं आणि मी जमिनीला ग्लॉसी टाइल निवडली होती!

नशीब, ऑर्डर दिली नव्हती. रात्री एस्टिमेट पुन्हा केलं. जमिनीला खरखरीत, अँटिस्किड टाइल. जिथे अंघोळ होते तिथेच 7 फूट टाइल, बाकी भिंतींना 4 फूट आणि वर रंग. त्यात 31 चौरस फूट, म्हणजे माल-मजुरी धरून 3 हजार वाचले. मोठा शॉवर आणि आरशाचं कपाट रद्द, 4 हजार. उरलेले 2 हजार बाबांनी घातले. एकूण 82. एस्टिमेटमध्ये पहिल्यापासून 10 टक्के "न दिसणाऱ्या कामासाठी" ठेवले असते तर ती रात्र शांत झोपेत गेली असती.

चौथा धडा : टाइलच्या आधी परीक्षा. भिंतीतल्या पाईपला बूच मारून, पाण्याचा दाब देऊन जोड तपासा. गरम पाण्याला सीपीव्हीसी वापरा, साधा यूपीव्हीसी फक्त थंड पाण्याला. वॉटरप्रूफिंगचा थर जमिनीवर देऊन भिंतीवरही निदान फूटभर चढवा. तो वाळल्यावर ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवा. निदान 24 तास लागतात, आम्ही 48 ठेवलं आणि पातळीची खूण पेन्सिलीने केली. टाइल्स लावताना उतार ट्रॅपकडे हवा, मीटरला 10 ते 15 मिलिमीटर. नंतर बादलीभर पाणी ओतून बघा, कोपऱ्यात डबकं राहता कामा नये.

म्हाताऱ्या माणसांसाठी आणखी चार गोष्टी, ज्यांना फार पैसे लागत नाहीत. कमोडची सीट थोडी उंच घ्या, उठताना गुडघ्यांवर कमी जोर येतो. धरायच्या दांडीची जागा टाइल्सच्या आधी ठरवा, कारण ती पक्क्या विटेत बसली पाहिजे. दार बाहेर उघडणारं करा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं. आणि गीझरच्या लाइनला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्याच.

पाचवा धडा : दिवसांचंही बजेट असतं. आमचं काम 12 दिवस चाललं. तेवढे दिवस आजीने जायचं कुठे? शेजारच्या काकूंनी त्यांचं बाथरूम दिलं म्हणून निभावलं. हे आधी विचारून ठेवा. आमच्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की बरीचशी माणसं भातलावणीला जातात, मग अर्धवट काम अर्धवटच राहतं. मे महिन्यात विहिरीचं पाणी खाली जातं, आणि प्लास्टरला पाणी मारायला तर पाणी हवंच. म्हणून एप्रिलमध्येच सुरुवात करा.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. आम्ही वहीत लिहून दोघांच्या सह्या केल्या : थोडा अॅडव्हान्स, मग पाईपची परीक्षा झाल्यावर, मग पाणी भरून ठेवल्यावर, मग टाइल्सनंतर. शेवटचे 10 टक्के 15 दिवस वापरून झाल्यावर. काकांना राग आला नाही. उलट म्हणाले, "लिहिलेलं बरं, मलाही विसरायला होतं."

आम्ही एस्टिमेटिंगच्या पेपरला शेवटी काँटिन्जन्सी लिहितो, ते फक्त मार्कांसाठी. ती ओळ कशासाठी असते ते मला मिस्त्रीकाकांनी शिकवलं.

परवा फोनवर आजीला विचारलं, "कसं झालंय गं बाथरूम?" तर म्हणते, "चांगलं आहे. पण तुझा आरसा राहिला ना?"

राहू दे आजी. दांडी आहे ना, ती धर!

(तृतीय वर्ष, स्थापत्य)