नकाराचे गद्य : बोलणाऱ्या प्राण्यांच्या दोन संगणक-साहसकथांचे पुनर्वाचन

मानवी वाणीने बोलणारा प्राणी ही कथावाङ्मयातील अतिप्राचीन युक्ती होय. पंचतंत्रातील करटक-दमनक, ईसपाचे कोल्हे आणि कावळे, मध्ययुगीन युरोपातील रेनार्ड ही या परंपरेची ठळक स्थाने आपल्या परिचयाची आहेत. लोककथा, नीतिकथा आणि बालसाहित्य या तीन अंगांनी तिचा विचार आपण करीत आलो आहोत. तथापि, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात या परंपरेला अमेरिकेत आणखी एक शाखा फुटली. पॉइंट-अँड-क्लिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणक-साहसकथांची ही शाखा साहित्याच्या वर्गात क्वचितच उल्लेखिली जाते. प्रस्तुत लेखात तिच्यातील दोन कृतींचे, १९९३ च्या 'सॅम अँड मॅक्स हिट द रोड' आणि १९९४ च्या 'इनहेरिट दि अर्थ' यांचे, पुनर्वाचन करावयाचे आहे. या कृतींत प्राणी कशासाठी बोलतात आणि त्यांच्या बोलण्यातील कोणता भाग साहित्य म्हणून विचारात घ्यावयाचा, हा येथील प्रश्न आहे.

प्रथम या रूपबंधाचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. १९७० च्या दशकातील साहसकथा केवळ शब्दांच्या होत्या. वाचकाने कळफलकावर आज्ञा टंकावी आणि यंत्राने वाक्यांनी उत्तर द्यावे, असा तो व्यवहार होता. पुढे चित्रे आली तरी टंकन काही काळ टिकून राहिले. लुकासफिल्म गेम्स या संस्थेच्या १९८७ मधील 'मॅनिअॅक मॅन्शन'ने पडद्याच्या तळाशी क्रियापदांची यादीच मांडली. उघड, उचल, दे, ढकल यांपैकी एक क्रियापद माउसने निवडावयाचे आणि मग चित्रातील एखाद्या वस्तूकडे निर्देश करावयाचा. वाक्य तयार करण्याचे काम वाचकाकडेच राहिले, मात्र शब्दकोश लेखकाने आखून दिला. या प्रकारच्या संहितांचा विचार करताना एस्पेन आर्सेथ यांच्या 'सायबरटेक्स्ट' (१९९७) या ग्रंथाची दखल घ्यावी लागते. ज्या कृतीच्या वाचनासाठी वाचकाला डोळ्यांच्या हालचालीपलीकडचा प्रयत्न करावा लागतो, तिची मीमांसा त्यांनी केली आहे. मात्र साहसकथेचे विवेचन करताना त्यांचे मुख्य उदाहरण १९८२ मधील 'डेडलाइन' ही शब्दमात्र रहस्यकथा आहे. बोलणारा प्राणी तेथे नाही. आपला प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो.

या रूपबंधाचे एक वैशिष्ट्य सहसा दुर्लक्षित राहते. अशा कथेत वाचकाची बहुसंख्य वाक्ये चुकीची असतात. चावी दाराला लावणे हे एकच वाक्य कथेला पुढे नेते. चावी झाडाला, खांबाला, पोलिसाला आणि स्वतःच्या सोबत्याला लावून पाहणे ही सारी वाक्येही व्याकरणदृष्ट्या शक्य असतात आणि वाचक ती करतोच. प्रत्येक वेळी कथेला काहीतरी उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर बहुधा 'हे होणार नाही' असेच असते. म्हणजे या कृतींतील गद्याचा मोठा भाग नकारांनी व्यापलेला असतो. कथानकाचा सारांश किंवा कोड्यांची उत्तरे सांगणारी मार्गदर्शिका वाचली, की नेमका हाच भाग गळून पडतो. अशा सारांशावरून या कृतींना उथळ ठरविणे म्हणजे पात्रपरिचयाचे पान वाचून नाटकाविषयी मत देण्यासारखे आहे.

नीतिकथेतील प्राण्यालाही नकार ठाऊक आहे. पंचतंत्राच्या लब्धप्रणाश तंत्रातील वानर मगरीच्या पाठीवर बसलेला असताना आपले काळीज झाडावरच राहिल्याचे सांगतो, तो एक नकारच आहे. परंतु तो एकदाच येतो आणि त्याने कथेचा निकाल लागतो. प्राण्याचे बोलणे तेथे निर्णायक असते, कारण त्यातून बोध निष्पन्न व्हावयाचा असतो. साहसकथेतील नकार निर्णायक नसतो. तो वारंवार येतो, कथा जागच्या जागी थांबवितो, आणि थांबलेल्या वेळात बोलणाऱ्याचा स्वभाव उलगडत जातो. वानर बोलला तो सुटण्यासाठी. सॅम बोलतो तो वाचकाला अडविण्यासाठी.

सॅम हा कोट-टोपी घातलेला कुत्रा. मॅक्स हा ससा, किंवा सशासारखे काहीतरी. ही संदिग्धता निर्मात्यांनी मुद्दाम राखली आहे. स्टीव्ह पर्सेल यांच्या चित्रकथेतून (पहिली १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली) ही जोडी लुकासआर्ट्सच्या खेळात आली. दोघे स्वतःला स्वतंत्र पोलीस म्हणवितात. जत्रेच्या खेळातून एक बिगफुट आणि जिराफासारख्या मानेची तरुणी पळून जातात आणि हे दोघे त्यांच्या शोधार्थ मोटारीने अमेरिकेतील रस्त्याकाठची 'जगातील सर्वांत मोठी' प्रेक्षणीय स्थळे पालथी घालतात. सुतळीचा प्रचंड गोळा, प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे असलेल्या भाज्यांचे संग्रहालय आणि गोल्फचे एक विचित्र मैदान ही त्यांतील काही. कथानक म्हणावे तर एवढेच. ते क्षीण आहे, आणि हा दोष मानावयाचा की नाही हे आपण कृतीकडे काय मागतो यावर अवलंबून आहे.

येथे क्रियापदांची यादी पडद्यावरून काढून टाकलेली आहे. माउसचे उजवे बटण दाबले की कर्सरचे रूप पालटते; चालणे, पाहणे, बोलणे, उचलणे, वापरणे अशी त्याची आवर्तने होतात. त्यामुळे पडद्यावर चित्राला पूर्ण जागा मिळाली. संभाषणातील बदल याहून महत्त्वाचा आहे. याच संस्थेच्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' (१९९०) मध्ये नायकाने उच्चारावयाची पर्यायी वाक्ये वाचकापुढे आधीच लिहिलेली असत. विनोद ऐकण्यापूर्वीच तो वाचून झालेला असे. सॅमच्या बाबतीत वाक्यांऐवजी चिन्हे आली : उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह आणि एक रबरी बदक. बदक निवडले की सॅम विषयाशी संबंध नसलेले काहीतरी बोलतो. वाचक वाक्य निवडीत नाही, केवळ वाक्याची जात निवडतो. प्रत्यक्ष वाक्य सॅमचे. दामल्यांच्या व्याकरणात प्रश्नार्थी आणि उद्गारार्थी वाक्यांची सोय आहे, बदकार्थी वाक्याची नाही, आणि मॅक्सच्या सहवासात ती उणीव चांगलीच जाणवते. नायकाच्या तोंडी काय यावे यावरचा वाचकाचा ताबा येथे सुटतो. प्राणी आपल्या आज्ञेत आहे, पण त्याची जीभ नाही.

मॅक्सच्या बाबतीत ही व्यवस्था आणखी पुढे गेलेली दिसते. वाचकाला मॅक्सलाच एखाद्या वस्तूप्रमाणे हाती घेऊन इतरांवर 'वापरता' येते. आरंभीच याची गरज पडते : आयुक्तांचा आदेश एका मांजराच्या पोटात आहे आणि तो बाहेर काढण्याचे काम मॅक्सच करू शकतो. बोलणारा ससा कुत्र्याचे अवजार होतो आणि मांजर टपालाची पिशवी. प्राण्यांमधील ही उतरंड कृती कोठेही समजावून सांगत नाही. व्यंगपटांच्या परंपरेत ती नवी नाही; डिस्नीच्या जगात गूफी हा कुत्रा बोलतो आणि प्लूटो हा कुत्रा भुंकतो. योगायोग असा की सॅमला आवाज देणारे बिल फार्मर हे १९८७ पासून गूफीचाही आवाज आहेत. फरक असा की गूफीच्या जगात हा भेद विसरावयाचा असतो, सॅमच्या जगात तो वाचकाच्या हाताने राबवावयाचा असतो. मॅक्सला एखाद्या निरुपद्रवी वस्तूवर वापरून पाहिल्यावर जो नकार मिळतो, त्यात सॅमचे सोबत्याविषयीचे ममत्व आणि त्याला साधन मानण्याची सवय ही दोन्ही एकत्र असतात. त्यांच्या मैत्रीचे चित्रण एखाद्या खास प्रसंगात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ते या विखुरलेल्या नकारांत आहे. ठरीव, पुनरावृत्त वाक्ये येथेही आहेत, हे मान्य करावयास हवे. परंतु ती दोघांच्या संवादात येत असल्याने वाचकाची चूक हा त्यांच्या गप्पांचा विषय होतो.

खलनायक कॉनरॉय बम्पस हा गायक माणूस आहे, आणि बिगफुटला प्रदर्शनाची वस्तू करणे हा त्याचा छंद. संपूर्ण कृती अशी प्रदर्शनाभोवती रचलेली आहे : जत्रा, संग्रहालये, रस्त्याकाठचे चमत्कार. या जगात बिगफुटला बर्फात गोठवून तिकीट लावले जाते. पायांवर चालणारा, बोलणारा कुत्रा मात्र त्याच जत्रेत पोलीस म्हणून वावरतो. ही विसंगती सोडविलेली नाही, आणि न सोडविणे हाच कृतीचा शहाणपणा आहे असे मला वाटते.

'इनहेरिट दि अर्थ'चा मार्ग उलट आहे. ड्रीमर्स गिल्ड या संस्थेच्या या कृतीत मानव पृथ्वीवरून नाहीसे झाले आहेत. विचार, भावना, वाणी आणि हात ही देणगी मानवांनी प्राण्यांना दिली, असे आरंभीची पुराणकथा सांगते. वाणी आणि हात यांचा एकत्र उल्लेख लक्षणीय आहे, कारण या रूपबंधात वाचकाजवळही हीच दोन साधने असतात. नायक रिफ हा कोल्हा. वादळांचे भाकीत करणारा गोल चोरीला जातो आणि कोल्हे चोरच असतात या समजावर रिफवर आळ येतो. त्याची प्रेयसी ऱ्हीन हिला ओलीस ठेवले जाते आणि एक वराह व एक एल्क हरीण यांच्या पहाऱ्यात त्याला गोल शोधण्यास पाठविले जाते.

येथे एक भाषिक टीप आवश्यक वाटते. इंग्रजीतील फॉक्सला आपण इसापनीतीच्या अनुवादांपासून कोल्हा म्हणत आलो. वस्तुतः करटक-दमनक हे शृगाल, म्हणजे खरे कोल्हे. रिफचा जातभाई आपल्याकडील खोकड. दोन भिन्न प्राण्यांचा धूर्तपणा मराठीत एकाच शब्दात मिसळून गेला आहे. रूढीला अनुसरून येथे 'कोल्हा' हाच शब्द ठेवला आहे.

रेनार्डच्या कथाचक्रातही कोल्ह्यावर दरबारात आरोप होतात. सिंहराजा त्याला आणण्यासाठी अस्वलाला आणि मांजराला धाडतो. तो दोघांनाही फसवितो. रेनार्ड अपराधी असतो आणि वक्तृत्वाच्या बळावर सुटतो. रिफ निरपराध आहे आणि त्याचे बोलणे कोणी मानीत नाही. (गटेचे 'रायनेके फुक्स' १७९४ चे, बरोबर २०० वर्षांनी रेनार्डच्या या वंशजावरील आळ खोटा ठरतो.) नीतिकथेत प्राण्याची जात म्हणजे त्याचा स्वभाव, हे गृहीतच असते, त्यावाचून दोन परिच्छेदांत कथा उभी राहणार नाही. 'इनहेरिट दि अर्थ' या गृहीतावरच खटला भरते. जात हा पुरावा मानणाऱ्या समाजात निरपराध्याला कसे चालावे लागते, हे तिचे आशयसूत्र आहे. प्राण्यांच्या वेषात मांडलेले असले तरी ते आपल्या वर्गातील विद्यार्थ्याला परके वाटण्याचे कारण नाही.

असे असूनही वाङ्मयीन दृष्ट्या ही कृती कमी पडते, आणि त्याचे कारण तिच्या नकारांत आहे. रिफ चुकीच्या आज्ञेला जे उत्तर देतो ते बहुधा साच्यातले असते. हे उचलता येणार नाही, हे उघडत नाही, इतकेच. त्यात आळ आलेल्या कोल्ह्याचा आवाज ऐकू येत नाही. परक्या घरातील वस्तूला हात लावण्यास चोर ठरविला गेलेला नायक कसा नकार देईल? येथे केवढी शक्यता होती! ती लेखकांना दिसली नाही. आशय समृद्ध आणि गद्य निर्जीव असा हा प्रकार आहे. 'सॅम अँड मॅक्स'मध्ये नेमके याच्या उलट घडते. या कृतीचे पुढील भाग योजले होते. ते आले नाहीत आणि मानवांचे काय झाले हा प्रश्न तसाच राहिला.

अध्यापनाच्या दृष्टीने एक अडचण संहितेच्या स्थैर्याची आहे. दोन्ही कृती फ्लॉपी आणि सीडी अशा दोन रूपांत निघाल्या; पहिल्या रूपात लेखी संवाद, दुसऱ्यात नटांचे आवाज. बिल फार्मर यांचा संथ, सपाट स्वर काढून घेतला तर सॅमचे नकार वेगळे वाचले जातात, म्हणून कोणती प्रत अभ्यासली हे नोंदविणे अगत्याचे आहे. मूळ यंत्रे कालबाह्य झाली. २००१ मध्ये सुरू झालेल्या स्कमव्हीएम या स्वयंसेवी प्रकल्पाने मूळ कथासामग्री जशीच्या तशी ठेवून ती चालविणारी यंत्रणा नव्याने लिहिली, आणि आज या दोन्ही कृती त्यावर वाचता येतात. महानुभाव पोथ्यांच्या पाठचिकित्सेत मुरलेल्या अभ्यासकाला हा व्यवहार ओळखीचा वाटेल : संहिता जुनी, सकळ लिपी उलगडणारी किल्ली नवी.

पाठभेदाचे अलीकडचे उदाहरण या जोडीच्या पुढील कृतीत आहे. लुकासआर्ट्सने २००४ मध्ये दुसरा खेळ रद्द केल्यावर टेलटेल या संस्थेने २००६ पासून नवी मालिका काढली. ती संस्था २०१८ मध्ये बंद पडली. तिच्याच काही जुन्या कलावंतांनी स्कंकेप या नावाने २०२० मध्ये त्या मालिकेच्या पहिल्या भागाची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत बॉस्को या दुकानदाराचा आवाज दुसऱ्या नटाकडे गेला आणि काही संवाद गाळले अथवा बदलले गेले, कारण ते आता अनुचित वाटू लागले होते. यापुढे 'बॉस्को असे म्हणतो' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला कोणत्या साली, हेही लिहावे लागेल.